टँकरनं आणलेला चिखल

दिवाळी अंकाचे संपादक दुकानात आले, उपड्या ठेवलेल्या सायकलीच्या चाकाला उगाच एक फेरी दिली आणि म्हणाले, "अंबादासराव, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. फक्त खरं लिहा." पहिलं मला लगेच पटलं, दुसरं जड गेलं. बेचाळीस वर्षं मी सोलापुरात, भवानी पेठेत, सायकली दुरुस्त करतोय. या धंद्यात खरं बोलून कुणाचं बरं झाल्याचं ऐकलेलं नाही. गिऱ्हाईक विचारतं, ही ट्यूब अजून किती दिवस चालेल? खरं सांगितलं तर ते नाराज होऊन समोरच्या दुकानात जातं, आणि समोरचा माझ्यापेक्षा मोठ्या थापा मारतो. म्हणून मी खोटं असं कधी बोललो नाही. फक्त हवा थोडी जास्त भरतो. वाचणाऱ्यानं आपापल्या बेतानं सोडून घ्यावी.

माझ्या उमेदीच्या काळात गिरणीचा भोंगा झाला की पेठेतून इतक्या सायकली निघायच्या, की रस्ता ओलांडायला उभी राहिलेली माणसं सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पलीकडं पोचायची. दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली, सुताची गाठोडी लादलेल्या सायकली, नवरा, बायको, तीन पोरं आणि एक पाहुणा बसलेल्या सायकली. मग भोंगे बंद झाले, मोटारसायकली आल्या, आणि माझ्या दुकानात माशा यायला लागल्या. आधी मी त्या मारायचो. नंतर नंतर त्यांना नावानं हाका मारायला लागलो.

अशा दिवसांत दाताचे एक डॉक्टर सायकल घेऊन दारात उभे राहिले. नुसतं डॉक्टर म्हणू या, कारण माझी कवळी त्यांच्याकडं व्हायची आहे. सायकलीला मडगार्ड नव्हतं, घंटी नव्हती, स्टँड नव्हता, कॅरेज नव्हतं, साखळीवर झाकण नव्हतं. मला वाटलं चोरीची असावी, चोरानं एकेक भाग विकत विकत एवढीच उरवली असावी. उचलली तर हलकी किती? बाकड्यावर ठेवून पंखा लावला, तर दारापर्यंत गेली. टायरला मात्र अंगभर खुंट्या होत्या, आणि डॉक्टर म्हणाले, "हवा अगदी कमी ठेवा. टायर दाबला गेला पाहिजे." इतकी वर्षं ज्या तक्रारीसाठी लोक माझ्याकडं आले, ती तक्रार हे गृहस्थ मागून घेत होते.

या प्रकाराला सायक्लोक्रॉस म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मला जे कळलं ते असं. माळावर, शेतात, दोनेक किलोमीटरची वेडीवाकडी वाट आखायची. तिच्यात चढ, उतार, वाळू आणि भरपूर चिखल असला पाहिजे. मधेच गुडघाभर उंचीच्या फळ्या आडव्या लावायच्या. तिथं आलं की स्वारानं धावत्या सायकलीवरून उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, फळी ओलांडायची, चिखलातून पळायचं आणि पलीकडं पुन्हा उडी मारून बसायचं. असं तासभर गोल गोल. युरोपातले लोक हिवाळ्यात हौसेनं हे करतात म्हणे.

मी म्हणालो, "डॉक्टर, आमच्या पिढीनं हे फुकट केलंय." काळ्या रानातून सायकल खांद्यावर घेऊन मी सासुरवाडीला गेलोय, तेही एका हातात दिवाळीचा फराळ आणि दुसऱ्या हातात चपला धरून. कुणी पदक दिलं नाही. सासऱ्यांनी नुसतं विचारलं, पाय धुतले का.

घरी बायकोला सांगितलं. ती आधी तेलुगूत म्हणाली, "मीकु पनि लेदा?" म्हणजे तुम्हाला कामधंदा नाही का. मग मराठीत म्हणाली, "सायकल माणसाला न्यायला असते. माणसानंच सायकल न्यायची, तर ती घरी ठेवून एकटंच पळावं की." या खेळावर याहून नेमकं बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही.

तरी मी त्यात अडकलो. अडकलो कारण चिखलातून आलेल्या सायकलीला जेवढी दुरुस्ती लागते तेवढी गिरणीच्या दोन पाळ्यांनाही लागत नव्हती. डॉक्टरांनी क्लब काढला आणि मला अधिकृत मेकॅनिक केलं, छातीवर बिल्ला वगैरे लावून. अक्कलकोट रस्त्यावर एका सभासदाचं शेत होतं, तिथं पहिली शर्यत झाली. अकरा स्वार, त्यांच्या बायका आणि एक कुत्रं. कुत्रं चौथं आलं.

पुढच्या वर्षी लोक वाढले, त्याच्या पुढच्या वर्षी शेताच्या कडेला भज्यांच्या दोन गाड्या लागल्या. भज्यांची गाडी लागली की खेळ रुजला असं आमच्याकडं समजतात. लोक का यायला लागले, हे क्लबवाल्यांना कोडं होतं. त्यांना वाटायचं आरोग्याची जाण वाढतेय. मी सांगतो कारण. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीला माणूस तासभर उन्हात उभा राहतो, सर्रकन काहीतरी जातं, आणि शेजारचा म्हणतो, गेले की. इथं तसं नाही. एका जागी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसावं. तोच माणूस तुमच्या पुढ्यात दर आठ मिनिटांनी येतो आणि त्याच खड्ड्यात पडतो. मागच्या फेरीला तुम्ही त्याला सल्ला दिलेला असतो. त्यानं तो ऐकला का, हे तुम्हाला लगेच बघायला मिळतं. गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआँ बघून वाढलेल्या पब्लिकला आणखी काय पाहिजे? त्यात पडणारा माणूस म्हणजे कोण? कुणी डॉक्टर, कुणी सीए, कुणी वकील. एरवी ज्यांच्या दारात आपण नंबर लावून बसतो, ते आपल्यासमोर तोंडावर पडतात, तेही स्वतःहून नाव नोंदवून. या सुखाला तोड नाही.

आता माझी एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. अडलेलं चाक दिसलं की माझा हात आपोआप जातो. यात माझी अक्कल कुठंच येत नाही. माझ्याच लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, मांडवाच्या कडेला कुणाची तरी सायकल डुगडुगताना दिसली. पुढचं मंगलाष्टक सुरू व्हायच्या आत मी जाऊन दोन स्पोक आवळून परत आलो. बायको अजून म्हणते, लग्न पुरतं लागलेलंच नाही.

मैंदर्गीच्या सविताची आणि माझी ओळख तिच्या वडिलांपासूनची. ते हमाली करायचे, त्यांची काळी लोखंडी सायकल माझ्या हातातली. ते गेल्यावर ती सायकल सविताकडं आली. सविता लाईटचे मीटर वाचायची, कंत्राटी कामावर. वस्त्यांवर जायचं, मीटर बघायचं, आकडा घ्यायचा. वस्त्या अशा, की रस्ता निम्म्या वाटेत संपतो. मग बांधावरून सायकल उचलून न्यायची, ओढ्यातून काढायची, पाइपलाइनवरून पलीकडं टाकायची. मीटरवाली दिसली की माणसं घरात लपायची आणि कुत्री बाहेर सोडायची. एवढा सराव युरोपात कुणाला मिळतो?

एके दिवशी ती मैंदर्गीहून पन्नासेक किलोमीटर सायकल हाणत दुकानात आली, घाम न पुसता बाकड्यावर बसली. डॉक्टरांची सायकल उपडी होती, तिच्याकडं बोट करून म्हणाली, "मामा, ही चिखलातली शर्यत, बायकांची बी असती का?"

असते म्हणालो. पाच-सहा बाया असतात.

"पैली येईल तिला राज्याच्या शर्यतीला पाठवत्यात म्हणं."

पाठवतात म्हणालो. तिनं मग सगळं सांगितलं. कंत्राट कधीही सुटणार होतं. सरकारी भरतीत खेळाडूंना काही जागा असतात, राज्याच्या शर्यतीत नंबर आला तर त्यासाठी अर्ज करता येणार होता. धावण्यात, कबड्डीत गर्दी फार. या नव्या खेळात अजून माणसं नव्हती. पण पुढच्या वर्षी तिचं वय भरतीच्या अटीबाहेर जाणार होतं. म्हणजे ही एकच शर्यत.

"होईल का ओ मामा?"

मी बिल्ल्याला हात लावून सांगितलं, "माझ्या हातची सायकल आहे. होणारच की." ही हवा मी जरा जास्तच भरली.

तिच्या सायकलीवर मी चार दिवस काम केलं. मडगार्ड, कॅरेज, स्टँड, डायनॅमो, साखळीचं झाकण, सगळं उतरवलं. शेवटी सीट काढायला निघालो तेव्हा ती म्हणाली, "मामा, बसायला तरी ठिवा." टायरला तापवलेल्या सुरीनं खाचा पाडल्या. चाकांचा आऊट, म्हणजे डुगडुग, अशी काढली, की फिरवलेलं चाक दुपारी जेवून आलो तरी फिरत होतं. तरी लोखंड ते लोखंडच. डॉक्टरांची सायकल करंगळीवर पेलायची, ही उचलायला मनाची तयारी लागायची. सविताला मी खांद्यावर टॉवेल घे म्हणालो. तिनं जुन्या लुगड्याची चुंबळ केली, घागर डोक्यावर ठेवताना करतात तशी, आणि खांद्यावर टाचून घेतली. पुण्याहून आलेल्या पंचांनी ती बघून नियमांचं पुस्तक तीनदा चाळलं. चुंबळीबद्दल युरोपातल्या लोकांनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

माझ्याबद्दल मात्र लिहिलेलं होतं. पंचांनी मला चुन्यानं आखलेला एक चौकोन दाखवला. हा पिट. सायकल बिघडली तर स्वार इथं येणार, इथंच तिला हात लावायचा, इथंच दुसरी सायकल द्यायची. चौकोनाबाहेर कुणी सायकलीला हात लावला तर स्वार बाद. हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि माझी सही घेतली. मी म्हणालो, साहेब, चाळीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांना तो सहीपेक्षा कमी वाटला असावा. त्यांचं बरोबर होतं.

शर्यत गड्ड्याच्या यात्रेच्या आधीच्या रविवारी. सगळं तयार होतं, फक्त चिखल नव्हता. जानेवारीत सोलापुरात चिखल कुठून येणार? पंच म्हणाले, चिखल नसेल तर ही शर्यत राज्यासाठी धरता येणार नाही. तेव्हा डॉक्टरांनी पाण्याचे दोन टँकर मागवले. आमच्या पेठेत पाणी चार-पाच दिवसांनी येतं. नळाला कान लावून बसलेली माणसं मी बघितली आहेत. त्या गावात टँकर मागवून चिखल करायचा, ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली त्याच्या दातांना काही होऊ नये, एवढीच माझी प्रार्थना.

शेताला लागून एक वस्ती आहे. सकाळी आठला टँकर वळले तसं वस्तीतल्या बायकांना वाटलं, शेवटी आपला अर्ज कुणीतरी वाचला. पाच मिनिटांत घागरींची रांग डॉक्टरांच्या गाडीपर्यंत आली. टँकरवाला तिथलाच. त्यानं डॉक्टरांना विचारलंही नाही, नळी सरळ घागरीत सोडली. डॉक्टर पुढं झाले, म्हणाले, हे पाणी जमिनीवर टाकायचं आहे. एका म्हातारीनं विचारलं, "कशाला?" दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडा म्हणणाऱ्या त्या माणसाचं तोंड तसंच उघडं राहिलं. चिखल करायला, हे दोन शब्द घागर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला तोंडावर सांगायला छाती लागते.

निम्मं पाणी घागरींत गेलं, निम्मं रानात. आणि तिथं सगळी शर्यत फिरली, ते क्लबवाल्यांना कळलंच नाही. आमची माती काळी, कपाशीची. भरपूर पाणी दिलं तर ती पातळ होते, चाकावरून उडून जाते. अजिबात दिलं नाही तर दगड. पण निम्म्या पाण्यावर दोन तास ऊन खाल्लेली काळी माती म्हणजे खळ. मी एकदा अशा मातीत रुतलेली बैलगाडी बघितली होती. बैल मोकळे केले, ते घरी गेले, त्यांची पिढी बदलली, गाडी तिथंच होती.

सविता वाकली, मूठभर माती दाबली, सोडली, हात झटकला. माती हातालाच राहिली. मला म्हणाली, "मामा, ही चालवायची माती न्हाय. धड वली न्हाय, धड वाळली न्हाय. ही चपला सुदा ठिवून घेती." बाकीचे स्वार टायरमधली हवा आणखी कमी करत होते. ती मात्र चिखलाचा पट्टा किती लांब आहे ते पावलांनी मोजून आली, कन्नडमध्ये. मैंदर्गी कर्नाटकच्या हद्दीला, तिकडं मोजदाद बऱ्याचदा कन्नडमध्येच होते.

शिट्टी झाली. माणसं कमी म्हणून बाप्ये आणि बाया एकत्रच सोडलेले. नंबर वेगळे. पहिल्या चिखलात लाखमोलाच्या सायकली जोरात घुसल्या आणि चाळीस फुटांवर एकेक करून उभ्या राहिल्या. चाकाला माती, मातीला ज्वारीची धसकटं, त्याच्यावर पुन्हा माती. चाकं दोन्ही बाजूंच्या चिमट्यात घट्ट बसली. सीए साहेब पायडल मारत होते आणि सायकल जागची हलत नव्हती. घरात व्यायामाला ठेवतात तसली झाली होती ती. मग सगळ्यांनी त्या मातीसकट सायकली खांद्यावर घेतल्या. पंख्यानं उडणारी सायकल आता दोघांना उचलत नव्हती.

सविता चिखलाच्या कडेलाच उतरली. चाक मातीला लागूच दिलं नाही. लोखंडी सायकल चुंबळीवर घेतली आणि "ओंदु, एरडु, मूरु" असं दातांत मोजत, मीटर बघायला निघाल्यासारखी निघून गेली. पलीकडं कोरड्यात सायकल टाकली, बसली, गेली. दर फेरीला तेच. बाकीचे पिटमध्ये येऊन माझ्या अंगावर सायकली टाकत होते, मी खुरप्यानं माती काढत होतो, ती एकदाही आली नाही. तिसऱ्या फेरीनंतर वस्तीतल्या बायका तिचं नाव विचारून घेऊन आल्या. चौथ्या फेरीपासून नावानं ओरडायला लागल्या. दुसऱ्या नंबरला कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, भल्या बाई, पण निम्मी फेरी मागं.

शेवटच्या फेरीला माझं पिटमधलं काम संपलं आणि मी दोरीपाशी येऊन उभा राहिलो. तिथं यायला नको होतं.

चिखलाच्या तोंडाशी डॉक्टर आडवे झाले होते. उपडे नाही, उताणे, सायकल पोटावर घेऊन, आकाशाकडं बघत. सविता जिथं उतरायची ती जागा त्यांनी व्यापलेली. तिला वळसा घालून चिखलातून चाकं लोटत यावं लागलं. दहाच पावलं. बाहेर कोरड्यात आली, बसायला गेली, तर मागचं चाक घट्ट. माझ्यापासून सहा हातांवर. शेवटची रेघ तिथून चाळीस पावलं. मॅडमांचा अजून पत्ता नव्हता. सायकल घेऊन रेघ ओलांडायची, बसूनच ओलांडायची असं काही नाही. ती चालत गेली असती तरी पहिली होती. तिनं उचलायला हात घातलाही होता.

मी दोरीखालून कधी गेलो ते मला आजही सांगता येत नाही. खिशातला पेचकस हातात आला, चिमट्यात गेला, वांग्याएवढा मातीचा गोळा माझ्या मुठीत आला आणि चाक सुटलं. दोन सेकंदं. इतकं सफाईदार काम मी आयुष्यात केलं नसेल. कडेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाक सुंदर फिरत होतं. सविता चाकाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"मामा," ती एवढंच म्हणाली, "हे काय केलं?"

मग बसली आणि रेघेपर्यंत गेली. पहिली.

पंच दुसऱ्या टोकाला होते, मधे गर्दी. त्यांनी नीट बघितलेलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं म्हणून ते आले आणि मला विचारलं, तुम्ही सायकलीला हात लावला का. आता या प्रसंगासाठीच तर मी चाळीस वर्षं तयारी केली होती. मी सुरू केलं. साहेब, मी दोरीपाशी उभा. गोळा आपोआप निखळला. ऊन लागलं की काळी माती आकसते, शास्त्रच आहे ते. तो उडाला, तो माझ्या अंगावर आला, मी झेलला. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, व्हय, झेलला, आम्ही बघितला. डॉक्टरांना विचारलं. त्यांचे डोळे मातीनं भरलेले होते, ते म्हणाले मला काहीच दिसलं नाही, आणि त्या दिवशी तिथं खरं बोललेला तोवरचा तो एकटाच माणूस. पंचांनी माझ्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हाताकडं बघितलं, बायकांकडं बघितलं, घागरींकडं बघितलं. मग सुस्कारा टाकून पेन उघडलं. पटलं नव्हतं, पण लिहिणार होते.

सविता पुढं आली. "साहेब, मामांनी हात लावला. मी बोलावलं न्हवतं. पर लावला."

पंचांनी तिला विचारलं, नक्की? ती म्हणाली, "व्हय." त्यांनी तिचं नाव खोडलं. मॅडम येऊन पोचल्या, त्यांना कळल्यावर त्या रडायला लागल्या आणि सविता त्यांची समजूत घालत बसली.

मी तिला नंतर विचारलं, गप्प का बसली नाहीस? पंच लिहीतच होते की. ती चुंबळ सोडत होती. म्हणाली, "मीटरवर दिसतं त्येच लिवती मी, मामा. लोक रोज म्हनत्यात, जरा कमी लिव्ह की बाई. लिवलं न्हाय कवा. आता हितं कसं लिवू?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी त्याला तोंड देऊ शकलो असतो.

मॅडम राज्याला गेल्या. भरतीची जाहिरात निघाली, तारीख गेली, सविताचं वय अटीबाहेर गेलं. ती अजून कंत्राटी मीटरच वाचते. माझ्या दोन सेकंदांच्या सफाईची किंमत एवढी.

तो मातीचा गोळा मी दुकानात फळीवर ठेवलाय. वाळून दगड झालाय. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय. कुणाला मी सांगितलंय की उल्का आहे, एका मास्तरांना सांगितलं की किल्ल्याच्या खंदकात सापडलेला तोफेचा गोळा आहे, त्यांनी फोटो काढून नेला. खरी गोष्ट आज पहिल्यांदा सांगतोय. संपादकांनी पाहिजे तर त्याचाही फोटो छापावा.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा शर्यत झाली. आता क्लब तीन टँकर मागवतो, पहिला वस्तीला, मग दोन चिखलाला. टँकरवाला त्याशिवाय येतच नाही. डॉक्टरांनी पत्रिकेत त्याला सामाजिक उपक्रम असं छापलंय, फीत कापून पहिली घागर भरतात. म्हातारी फोटोसाठी उभी राहते आणि फोटो झाला की त्यांना बाजूला सारते.

सविताचं नाव यादीत बघून मी चमकलो. तिला म्हणालो, आता काय उपयोग? भरती तर गेली.

"मागच्या बारीला मी जिंकली हुती, मामा," ती म्हणाली. "पर तुमी मधीच आला. ते बघायचं राहिलंय."

मग ती वस्तीच्या बायकांकडं गेली, दोन काठोकाठ भरलेल्या घागरी घेऊन आली आणि एकेक माझ्या हातात दिली. म्हणाली, "शर्यत सपस्तवर खाली ठिवायच्या न्हाईत. त्या आजीच्या हायत. पाच दिसांनी पानी मिळालंय तिला." आजी शेजारीच दगडावर येऊन बसली. डोळा घागरींवर.

तासभर उभा राहिलो. हात किती लांब झाले म्हणता, परत येताना बुटाची नाडी न वाकता बांधली. आणि शेवटच्या फेरीला, देवाची करणी म्हणा नाहीतर काळ्या मातीची, सविताचं मागचं चाक माझ्यासमोर सहा हातांवर अडलं. गोळा मला दिसत होता. डाव्या बाजूनं पेचकस घातला असता तर एका झटक्यात निघाला असता. बोटं घागरीच्या काठावर वळवळायला लागली. सविता थांबली. चाकाकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं, मग घागरींकडं. आणि हसली. सायकल उचलून चुंबळीवर घेतली, आणि पळाली नाही, चालत गेली. ओंदु, एरडु, मूरु. चाळीस पावलं. रेघेपलीकडं गेल्यावर सायकल खाली ठेवली. पहिली.

पंचांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हात वर केले. म्हणजे, घागरींसकट होतील तेवढे वर केले.

आजी उठली, दोन्ही घागरींत वाकून बघितलं. "भरल्या हुत्या तशाच हायत की," म्हणाली, आणि घेऊन गेली.

खरं लिहा म्हणाले होते, म्हणून सांगतो. बेचाळीस वर्षांत माझं सगळ्यात नीट उतरलेलं काम ते, आणि त्याला मी हात लावलेला नाही.